रिग्रेट आणि अपॉलजी

माझ्या हजरजबाबीपणाची ही गोष्ट कचेरीत अजून सांगतात, पण अर्धीच. पुढची अर्धी मी कोणाला सांगितलेली नाही.

टर्नबुलसाहेबांचं घड्याळ हरवलं आणि आळ आला सटवाजी पट्टेवाल्यावर. भर कचेरीत त्याचा पितळी बिल्ला काढून घेतला गेला. आठ दिवसांनी घड्याळ साहेबांच्याच शिकारीच्या कोटात सापडलं.

साहेबांनी मला, म्हणजे हेडक्लार्कला, बोलावून सटवाजीला द्यायच्या पत्राचा मजकूर सांगितला, "झाल्या प्रकाराबद्दल आम्हांला रिग्रेट आहे."

मी म्हणालो, "साहेब, इथे अपॉलजी हवी."

साहेब भडकले. "आता तू मला इंग्रजी शिकवणार? सांग, काय फरक आहे दोन्हींत?"

"साहेब, यंदा पाऊस पडला नाही, त्याबद्दल आपण खुशाल रिग्रेट लिहावं. पण तो पाऊस आपणच अडवला असेल, तर अपॉलजी लिहावी लागेल."

साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला. मग त्यांनी स्वतःच्या हाताने अपॉलजी लिहिली.

ती आणि बिल्ला घेऊन मी ऐटीत सटवाजीच्या घरी गेलो. पत्र वाचून दाखवलं, माझं उत्तरही रंगवून सांगितलं. बिल्ल्यावरून अंगठा फिरवत तो म्हणाला, "साहेबांचं पोचलं. पण भाऊसाहेब, साहेबांनी नुसता हुकूम सोडला होता. माझ्या छातीवरून बिल्ला तुम्ही काढलात."

"त्याचं मला फार वाईट वाटतं रे," मी म्हणालो.

सटवाजीने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे पाऊस पडला नाही, त्याचं वाटतं तसंच ना?"