हौसाकाकूंचा ठराव

हौसाकाकूंना एकच सांगायचं होतं. गावाच्या कचऱ्याचा खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला खणू नका, पावसात सगळी घाण पिण्याच्या पाण्यात उतरेल. ग्रामसभेत उठून त्या एवढंच बोलल्या, तर ज्यांचा हा बेत होता ते सरपंच दौलतराव मिशीवरून हात फिरवत हसले.

"हे काकूंचं बोलणं नव्हे. विरोधी कपबशी पॅनेलनं पढवून पाठवलंय त्यांना!"

"कपबशीवाल्या काकू, बसा खाली!" दौलतरावांची माणसं ओरडली.

काकूंचा कुठल्याच पॅनेलशी संबंध नव्हता, पण ऐकतो कोण? या माणसांची रीत गावाला ठाऊक होती. ठराव ऐकायचा नाही, नुसता दौलतरावांचा हात बघायचा. तो वर गेला की सगळ्यांचे वर.

काकूंनी पदर खोचला.

"बरं बाबांनो, मी कपबशीचीच! मग आता आमच्या पॅनेलचा ठराव ऐका. खड्डा विहिरीच्या वरच्या अंगालाच खणावा. मंजूर असेल त्यांनी हात वर करा!"

दौलतरावांचा हात अर्धा उठला आणि हवेतच थबकला. भर सभेत कपबशीच्या ठरावाला पाठिंबा? हात मुकाट्यानं मांडीवर परतला. मग बाकीच्यांचा कशाला उठतोय! कपबशीची खरी माणसं तर हसू दाबण्यातच गुंतली होती.

"ग्रामसेवक भाऊसाहेब, ठराव नामंजूर झाला, लिहून घ्या," काकू कडाडल्या. "खड्डा तिथं होणार नाही."

मग दौलतरावांकडे वळून त्यांनी हात जोडले.

"सरपंच, तुम्ही आम्हाला हरवलंत बघा. अभिनंदन!"