हरकूबायचं उघडं गाणं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नक्की कधीची म्हणून विचाराल, तर खारवेलीत जितकी तोंडं तितकी उत्तरं मिळतील. तेव्हा विचारू नका, ऐका.

खारवेली म्हणजे खाडीच्या तोंडावरचं कोळ्यांचं गाव. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दर्या. बंदरावर कस्टमची एक जुनी चौकी रिकामी पडली होती. गावानं ती झाडली, भिंतींना बारदान ठोकलं, टेबलावर माईक ठेवला आणि छपरावर लोखंडी खांब उभा केला. असा खारवेलीचा रेडिओ सुरू झाला. तिथं पगारी माणूस एकही नव्हता. ज्याला गाता येईल त्यानं गावं, ज्याला बोलता येईल त्यानं बोलावं. आवाज जेमतेम डोंगरापर्यंत पोचायचा आणि तिकडे दर्यावर थोडा आत जायचा, बस्स.

त्या रेडिओवर रोज गाण्यांचा कार्यक्रम व्हायचा. त्याला घड्याळाची वेळ नव्हती. भरती लागली आणि होड्या खाडीत शिरायला लागल्या की कार्यक्रम सुरू. शहरातून आलेल्या साहेबांना हे काही केल्या पटेना. त्यांनी वेळ कागदावर लिहून मागितली, तेव्हा गावानं त्यांना चंद्राकडे बघायला सांगितलं.

कार्यक्रम दोघं चालवत. एक हरकूबाय. ती गावची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. आमच्याकडे धवलारणीच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. तीच गाऊन देवांना बोलावते, सोयऱ्याधायऱ्यांना बोलावते, आणि सगळे आले की शेवटचं कडवं म्हणून मांडवाचं दार लावते. दुसरा बाळकृष्ण तांडेल, एके काळी होडीवरचा म्होरक्या. जाळ्याच्या दोरात सापडून त्याचा पाय गेला होता, म्हणून दर्या सुटला. तो खिडकीशी बसायचा आणि खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक होडीचं नाव माईकवर सांगायचा. "जलराणी आयली. वेताळप्रसाद आयली." नाव आलं की त्या घरात चुलीवर तवा चढायचा. मधल्या वेळात हरकूबाय गायची. दोघांचं भांडणही सगळा गाव ऐकायचा. तो म्हणायचा, हिचं खाकरणं गाण्याहून लांब. ती म्हणायची, याला स्वतःच्या लेकाची होडी तेवढी लांबून दिसते.

ते मात्र खरं होतं. बाळकृष्णाला एकच मुलगा, हिरामण, तोही नवसानं झालेला. मुलगा नवसाचा म्हणून त्याच्या लहानशा होडीचं नावही नवसाची. हिरामण एकटाच ती घेऊन जायचा, आणि "नवसाची आयली" म्हणताना बापाचा आवाज असा काही चढायचा की बायका घराघरांत हसायच्या.

मग एका कार्तिकात वादळ आलं. कार्तिकात वादळ येत नाही, म्हणून सगळ्या होड्या दर्यावर होत्या. दुपार कलली आणि उजेडच गेला. डोंगर दिसेना, खाडीचं तोंड दिसेना. वीज गेली, फोन बंद पडले. म्हाताऱ्यांनी नारळ हातात घेतले, पण ते टाकायला दर्याजवळ जाता येईना.

हरकूबाय चौकीत शिरली. बाळकृष्ण तिथंच होता. किनाऱ्यावर राहिलेल्या म्हाताऱ्या नाखवांनी घरात पडलेल्या होड्यांच्या जादा बॅटऱ्या आणून जोडून दिल्या. हरकूबायनं माईक ओढला आणि धवला सुरू केला. लग्नाचाच धवला, पण त्यात देवांच्या आणि सोयऱ्यांच्या जागी तिनं होड्यांची नावं घातली.

"या जी या, मांडवान या,
जलराणी बाय तुमी या,
दार उघरा हाय, घरान या."

दर्यावर प्रत्येक होडीत एक ट्रान्झिस्टर असायचा. आवाज खरखरला की लोक होडी वळवायचे, स्वच्छ झाला की तशीच पुढे रेटायचे. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून खारवेली त्या दिवशी कानांनी घरी आली. एकेक होडी खाडीत शिरत होती. बंदरावरून हाळी आली की बाळकृष्ण नाव सांगत होता आणि हरकूबाय ते नाव गाण्यात घेऊन त्या होडीला मांडवात बसवत होती.

तिचा आवाज डोंगर ओलांडून गेला, असं म्हणतात. पलीकडच्या बंदरातल्या बायकांनी तो पिठाच्या डब्यात ऐकला. दर्यावरचे पक्षी येऊन छपरावरच्या खांबाला बिलगले आणि वाऱ्यानं एकालाही हलवलं नाही. बॅटऱ्या उतरल्या, यंत्रावरचा काटा खाली टेकला, तरी रेडिओ बोलतच राहिला. वेताळप्रसादचा तांडेल मरेपर्यंत शपथेवर सांगायचा, "आमचा रेडू पान्यान गेलता. तरी हरकूचा गाना कानान होता."

उजाडलं तेव्हा वारा पडला होता. सगळ्या होड्या बंदराला लागल्या होत्या. नवसाची आली नव्हती.

हरकूबाय गात राहिली. घसा फाटला, तरी गात राहिली. लोक दर्या शोधून आले आणि रिकाम्या हातांनी आले. मग ती थांबली, पण शेवटचं कडवं तिनं म्हटलं नाही. दुसऱ्या भरतीला तिनं तोच धवला जिथं थांबवला होता तिथून उचलला आणि पुन्हा तसाच उघडा ठेवला. तिसऱ्या भरतीलाही तेच.

आता यातली मेख ऐका. एक धवला पुरा झाल्याशिवाय धवलारणीला दुसरा धरता येत नाही. तुळशीचं लग्न झालं, गावातली लग्नं तोंडावर आली आणि धवलारीण अडून बसली. मुलींच्या आया चौकीच्या दाराशी जमल्या.

"अगो हरकू, तुझ्या एका गान्यापायी आमच्या पोरी घरान बसल्यात," त्या म्हणाल्या.

"पावना यायचा हाय," हरकूबाय म्हणाली. "तो आल्याबिगर मी दार नाय लावाची."

शेवटी बाळकृष्ण उठला. इतके दिवस तो खिडकीशी नुसता बसून होता. कुबडी टेकत तो तिच्यासमोर आला. धवला उघडा म्हणजे लेक वाटेवर. लेक वाटेवर, तर त्याचं सुतक कसं धरायचं, पाणी कसं द्यायचं? त्याची बायको रोज ताट वाढून ठेवत होती.

"हरकू," तो म्हणाला, "लाव गो दार. मना रडू दे."

हरकूबायनं माईक बाजूला सारला. मग म्हणाली, "तू रड, बालू. मी तुना अडवत नाय. पन त्याला मी बोलावलाय. बोलावल्या पावन्याच्या तोंडावर दार कसा लावू?"

बाळकृष्ण चौकीतून निघून गेला आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. मला विचाराल तर त्याचा राग खरा होता. तिचा हट्टही खरा होता. अशा वेळी गोष्ट सांगणाऱ्यानं गप्प बसावं.

लग्नं काही थांबत नाहीत. गावानं शेजारच्या गावातून धवलारीण आणली. त्याच वर्षी हरकूबायच्या धाकटीचंही लग्न होतं. जिनं अर्ध्या तालुक्याची लग्नं गाऊन लावली, ती पोटच्या पोरीच्या मांडवात खांबाला टेकून मुकी बसली. परक्या बाईनं धवले म्हटले. हरकूबायचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. ते पाहून लोकांना तिचा राग येईनासा झाला.

वर्षं गेली. कार्यक्रमात दुसरी माणसं येऊन गायला लागली, पण शेवटी हरकूबायचा धवला व्हायचा, उघडाच. होड्यांची नावं आता ती स्वतःच सांगायची. बाळकृष्ण बंदरावर चौकीकडे पाठ करून बसायचा. त्याच्या घोंगडीखाली ट्रान्झिस्टर असायचा, असं म्हणतात.

एका भरतीला हरकूबायचा आवाज आला नाही. ती झोपेतच गेली होती. गावानं तिला दर्याकाठी पोचवलं, आणि लोक बाळकृष्णाकडे आले. म्हणाले, तांडेल, आता तरी तो धवला पुरा करा. तुमचा मुलगा सुटेल, बिचारी तीही सुटेल. त्याला ते कडवं येत होतंच. वादळाआधी तिच्या शेजारी बसून त्यानं ते असंख्य वेळा ऐकलं होतं.

बाळकृष्ण कुबडी टेकत चौकीत गेला. बारदान तेच होतं, खिडकी तीच होती. भरती लागली. गावात घरोघरी माणसं रेडिओभोवती बसली. त्याची बायको वाढलेल्या ताटापुढं बसली. एकेक होडी खाडीत शिरली आणि तो नाव सांगत गेला. जलराणी आयली. वेताळप्रसाद आयली. नावं संपली. रेडिओवर नुसता दर्याचा आवाज येत राहिला. सगळे कडव्याची वाट बघत होते.

मग बाळकृष्णाचा आवाज आला. पूर्वी चढायचा तसाच तो चढला.

"नवसाची," तो म्हणाला, "यायची हाय."

आणि त्यानं माईक बंद केला. त्या दिवशी तो पहिल्यांदा रडला, आणि त्याच्यासोबत सगळी खारवेली रडली.

आजही खारवेलीचा रेडिओ भरतीला लागतो. चालवणारे अजून बिनपगारीच आहेत. एक रिक्षावाला आहे, एक मासळी विकणारी आहे, शाळेतल्या एक बाई आहेत. होड्यांची नावं बदलली, लाकडाच्या जागी फायबर आलं. तरी सगळी नावं झाली की शेवटी एक नाव घेतात, नवसाची यायची हाय, आणि मगच माईक बंद करतात. गावातल्या लग्नाला अजून शेजारची धवलारीण येते, आणि मांडवाची दर्याकडची बाजू कुणी बांधत नाही.

आणि ते शेवटचं कडवं? ते खारवेलीतल्या प्रत्येक बाईला पाठ आहे. आई मुलीला ते हळू आवाजात शिकवते आणि सांगते, हे कुठं म्हणायचं नाही. मुलगी विचारते, मग शिकायचं कशाला?

"शिकून ठेव गो," आई म्हणते. "नवसाची आयली की लागंल."