कागदावरचा आजार

“...आणि तुम्ही याला सांगितलंत, कामावर जाऊ नको म्हणून?”

डॉक्टर सुधन्वा काकतकरांनी बूट काढता काढताच विचारलं.

“सांगितलं,” गुलाबशा फकीर म्हणाला.

“कोणत्या अधिकारानं?”

फकिरानं पायरीकडे बोट केलं. दर्ग्याच्या पायरीवर दुर्गाप्पा बसला होता, गुडघ्यांवर हात टेकून, एकेक श्वास ओढून घेत.

डॉक्टरांना गावात येऊन चार महिने झाले होते. दवाखान्याच्या दारापेक्षा पाटी मोठी, आणि पाटीपेक्षा त्यांचा स्वतःवरचा विश्वास मोठा. दुर्गाप्पाला त्यांनी पाच दिवसांचं औषध दिलं होतं आणि सोमवारपासून कामावर जायला हरकत नाही, असं लिहूनही दिलं होतं. तर हा कागद घेऊन थेट फकिराकडे! उद्या सोमवार. डॉक्टरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. इथं कुठंतरी पाणी मुरत होतं.

“लोबानाचा धूर देत असाल याला. त्यानंच छातीची वाट लागलीय.”

फकिरानं ऊददाणी पुढे सरकवली. डॉक्टरांनी झाकण उचललं. आत कोळ्यानं जाळं विणलं होतं.

“तीन वर्सं झाली,” फकीर म्हणाला. “हितं येणाऱ्यांना धूर सोसंना. पीरसाहेबांची माफी मागितली आन् बंद केला.”

डॉक्टर जरा वरमले. पण संशय जाईना. धूर नाही, तर काढा असणार. कोपऱ्यात घागर होती. त्यांनी वाकून ती चक्क हुंगली.

“पानी हाय. प्या की.”

ते प्यायले नाहीत.

“डॉक्टरसाब...” फकिरानं दुर्गाप्पाचा कागद त्यांच्या हातात दिला. “मला इंग्रजी येत न्हाई. काय लिवलंय, जरा वाचा.”

डॉक्टर खुलले. आता गोष्ट त्यांच्या अंगणात आली होती.

“रेस्पिरेटरी डिसीज.”

“म्हंजी?”

“श्वसनाचा आजार.”

“ते तर मला हितनंच ऐकू येतंय.”

डॉक्टरांचं पित्त खवळलं. “अहो, इंग्रजीत हा फार मोठा शब्द आहे. नाकापासून फुप्फुसांपर्यंत श्वासाच्या वाटेत कुठंही बिघाड झाला, तरी हेच म्हणतात. साधी सर्दी त्यात येते, दमा येतो, न्यूमोनिया येतो, क्षयसुद्धा येतो.”

“मग ह्याला त्यातलं काय झालंय?”

“तपासण्या केल्याशिवाय कसं सांगणार?”

“केल्या?”

दुर्गाप्पा खोकला. खोकला थांबायला बराच वेळ लागला.

“बरं. काम काय करतो हा?” फकिरानं विचारलं.

डॉक्टरांनी कागदावर पाहिलं. “मजुरी.”

“कसली?”

डॉक्टरांनी मान वर करून दुर्गाप्पाकडे पाहिलं. विचारलंच नव्हतं. त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला.

“तुम्ही मला उगाच फिरवताय. याला घरी बसवून तुम्हाला काय मिळणार आहे, तेवढं सांगा!”

फकीर उठला. पायरीपाशी गेला.

“दुर्गाप्पा, पटका दे.”

दुर्गाप्पानं डोक्यावरच्या पटक्याला हात लावला. “बाबा, दगडाचे पाटे कापताना हाच बांधलेला असतोय. कटर मशिनीची सगळी धूळ हाय त्यात. धुतला न्हाई अजून.”

“म्हून तर मागतोय.”

फकिरानं डॉक्टरांच्या हातातला कागद घेतला आणि फरशीवर पसरला. त्यावर पटका धरला. आणि एकदाच झटकला.

करड्या धुळीचा लोट उठला. डॉक्टर मागे सरले, पण उशीर झाला होता. ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. बोलायला तोंड उघडलं, तर पुन्हा खोकला. चाचपडत ते कोपऱ्यापर्यंत गेले आणि त्याच घागरीतलं पाणी घटाघटा प्यायले.

फकीर धूळ बसण्याची वाट पाहत उभा राहिला...

मग खाली वाकला. कागद दोन्ही तळहातांवर अलगद उचलला. अक्षरं करड्या थराखाली गेली होती. औषधाचं नाव गेलं होतं, सोमवार गेला होता.

त्यानं कागद डॉक्टरांपुढे धरला.

“हां... आता वाचा.”