धुतलेली काठी

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूची काठी धुतली. एरवी धुणे हे पुण्याचेच काम. पण ही काठी धुतल्याने साऱ्या घराची अब्रू पणाला लागली, आणि त्यातूनच त्या शिष्याला जन्मभर पुरेल असे काही उमजले.

ते गाव डोंगरउतारावर वसलेले होते. तिथे जव पिके, कुंपणांवर हॉप्सचे वेल चढत, आणि आपल्याकडे घरोघरी लोणची घालतात तशी तिथे घरोघरी बीअर घालत. सुगीच्या जत्रेत पहिला पेला मात्र वरच्या आळीतल्या एका वृद्धाच्या पिंपातून भरायचा, अशी पिढ्यांची रीत होती. वृद्ध अबोल होता, हाताचा नेमका होता. त्याला मूलबाळ नव्हते. एक तरुण त्याच्याकडे शिकायला येऊन राहिला होता आणि त्याला आजोबा म्हणत असे.

जवाला मोड आणावेत, पण कोंब दाण्याएवढा झाला की थांबवावे. मग तो वाळवून मंद आचेवर भाजावा, भरडावा, गरम पाण्यात भिजवून त्याचा गोड काढा उतरवावा, हे सारे वृद्धाने त्याला हाताला धरून शिकवले.

"हॉप्सची फुलं दोनदा घालायची," तो सांगे. "पहिली मूठ कडूपणासाठी, ती भरपूर उकळू दे. दुसरी वासासाठी, ती पडली की चूल विझव. आणि मन भरलं नाही म्हणून तिसरी टाकू नकोस. कडूपणा वाढला की चव वाढते असं नाही."

सर्वांत जास्त भर स्वच्छतेवर. "भांडं नीट धुतलं नाहीस, तर तुझ्या आधी दुसरंच कोणीतरी त्यात बिऱ्हाड करतं." शिष्याचे सुरुवातीचे घाणे आंबून वाया गेले होते. त्यामुळे हे वाक्य त्याने मनावर कोरून घेतले.

काढा थंड झाला की वृद्ध आढ्याला टांगलेली एक जुनी काठी उतरवी आणि तिने पिंप ढवळी. काठीवर पांढरट पापुद्रे धरलेले असत. ढवळल्यावर एक रात्र गेली की पिंपावर दाट फेस चढे. तो ताजा, जोमदार फेस वृद्ध आधी शेजाऱ्यांसाठी, त्यांच्या पिंपांत घालायला, काढून ठेवी. जो मागेल त्याला वाडगाभर देई. खालच्या आळीत एक मावशी होत्या. त्यांची बीअर जत्रेत वृद्धाच्या पाठोपाठ दुसरी ठरे, आणि पुढच्या वर्षी पहिली ठरणार हे त्या भेटेल त्याला ऐकवत. त्यांनाही वाडगा मिळे, आणि तोही काठोकाठ.

"आजोबा, आपल्या घराची चव आपणच वाटून टाकतोय," शिष्य कुरकुरे.

"वाडगा भरलास का?" एवढेच वृद्ध विचारी.

शिष्याला त्या घराचा फार अभिमान होता. जत्रेत पहिला पेला पंचांकडे घेऊन निघाला की त्याची मान ताठ होई. त्याला वाटे, सारा गुण त्या वंशपरंपरागत लाकडात आहे. ज्यांच्याकडे अशी काठी नाही ते बिचारे फेसावर भागवतात. पण म्हणून आपल्या बरोबरीला येणाऱ्या माणसाला तरी फेस का द्यावा? त्या उन्हाळ्यात मावशी दारात आल्या तेव्हा वृद्ध रानात गेला होता.

"फेस उरला नाही," शिष्य म्हणाला.

त्याच्या मागे पिंपावर फेस दिसत होता. मावशींनी तो पाहिला आणि वाडगा पदराखाली घेतला. "बरं हो, राजे. उरला की कळवा," म्हणून त्या उतार उतरून गेल्या.

सुगी आली. वृद्धाचे खांदे आता दुखत असत. "जत्रेचं पिंप यंदा तू घाल," तो शिष्याला म्हणाला. "जमलं तर काठी तुझी."

काठी तुझी म्हणजे घर तुझे, पहिल्या पेल्याचा मान तुझा. शिष्याने कसलीही कसर ठेवली नाही. पिंप, झारे, गाळण्याचे कापड, सारे उकळत्या पाण्याने धुतले. मग त्याचे लक्ष काठीकडे गेले. आजोबांची नजर अधू झाली आहे, काठीवर किती घाण साचली आहे, असे त्याला वाटले. त्याने ती राखेने घासली आणि खळखळत्या पाण्यात बुडवून ठेवली. आतले लाकूड मधासारखे उजळले. त्या लखलखीत काठीने त्याने काढा ढवळला आणि समाधानाने निजला.

सकाळी पिंप गप्प होते. ना फेस, ना बुडबुडा. वृद्धाने पिंपाला कान लावला, मग वर आढ्याकडे पाहिले.

"किती छान धुतलीस रे," तो म्हणाला. "दुधाला विरजण तसं काढ्याला खमीर लागतं. ते त्या पापुद्र्यांत होतं. वाळलेला फेस होता तो."

शिष्याने घाईने विचारले, "दुसरी काठी?"

"नाही."

"मग?"

"आज काही पडलं नाही तर हा काढा आंबेल, आणि भाजलेला जवही संपलाय. वाडगा घे आणि खालच्या आळीत जा."

"मावशींकडे? आजोबा, त्यांना मी..."

"ठाऊक आहे. त्याच दिवशी बांधावर भेटल्या होत्या मला. जा."

मावशी ओट्यावर फुले निवडत होत्या. "या राजे! फेस उरला वाटतं?"

शिष्याने रिकामा वाडगा पुढे धरला. "मावशी, आमच्याकडचं खमीर मेलं. मी काठी उकळली."

मावशी इतक्या हसल्या की त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला. "उकळली! अगं बाई! आता पुढच्या खेपेला म्हाताऱ्यालाही उकळून काढ, तोही बराच मळलाय." मग त्यांनी डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिले. "आणि मी म्हटलं, उरलं नाही, तर?"

भिंतीवर गव्हाच्या काडांचे एक कडे टांगलेले होते, त्यावर तेच पांढरट पापुद्रे. शिष्याने ते पाहिले होते, आणि त्याने पाहिले हे मावशींनीही पाहिले होते.

"तोंड नको पाडूस," अखेर त्या म्हणाल्या. "या दारातून रिकामा वाडगा जात नाही. तुझ्या म्हाताऱ्यानंच लावलेली खोड आहे ही." त्यांनी कड्याचा एक तुकडा मोडला आणि कोमट गोड काढ्यात सोडला. "उराशी धरून ने. गारठू देऊ नकोस आणि ऊनही करू नकोस. तुझ्या अंगाला सोसेल तेवढंच याला सोसतं. आणि रडू नकोस मेल्या, तुमचंच आहे हे. गेल्या सुगीला दिलेलं."

दुसऱ्या दिवशी पिंपावर फेस चढला.

जत्रेत पहिला पेला भरला तेव्हा सारे गाव पाहत होते. शिष्य पंचांना ओलांडून पुढे गेला आणि तो पेला त्याने मावशींच्या हाती दिला. "यातलं खमीर मावशींच्या घरचं आहे," तो सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला. मावशींनी घोट घेतला, जिभेवर फिरवला. "लेक सासरहून माहेरी आलीय," त्या म्हणाल्या. "जरा अंगानं भरलीय, एवढंच." पंचही हसले आणि त्यांनी आपले पेले पुढे केले.

परतताना शिष्याने विचारले, "आजोबा, असं होणार हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणून फेस वाटत होतात का?"

वृद्ध थांबला. "माणूस चुकतो एवढं ठाऊक होतं. तू नसतास चुकलास तर कधीतरी मीच चुकलो असतो. जे आपण एकट्याने सांभाळलं ते एका उकळीत मेलं. जे वाटलं ते भिंतीवर आपली वाट बघत होतं. पण मला घराचा अभिमान नाही असं समजू नकोस. तुझ्यापेक्षा जास्त आहे. तुला आपल्या एका पिंपाचा होता. या जत्रेत कुणाचाही पेला उचल, त्यात माझ्या आजोबांचा फेस आहे. तेव्हा मान ताठ कुणाची असावी?"

घरी आल्यावर त्याने काठी पिंपातल्या फेसात बुडवून शिष्याच्या हाती दिली. शिष्याने ती आढ्याला टांगली. मग कोणी न सांगता त्याने वाडगा काठोकाठ भरला आणि तो खालच्या आळीकडे निघाला. त्या दिवशीही त्याची पाठ ताठच होती. फक्त सांडू नये म्हणून नजर वाडग्यावर होती.