दुरडीतला विस्तव

बालाघाटाच्या कुशीत हिवरदरा नावाचं गाव आहे. तिथे डोंगराईदेवीच्या देवळाच्या ओवरीत रानोबा महाराज काही वर्षं राहिले. महाराजांच्या अंगावर एक घोंगडी असे आणि हातात काही नसे. ते कुणाच्या घरी जेवतील याचा नेम नव्हता. भाविकहो, त्या गावातली ही कथा आहे, आणि ती एका रागावलेल्या बाईची कथा आहे.

तिचं नाव हौसा बुरडीण. गावकुसाबाहेर ओढ्याकाठी तिचं खोपट होतं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. सकाळी मूठभर जोंधळ्याच्या कण्या मडक्यात शिजवायच्या, संध्याकाळी एक भाकरी थापायची आणि लसणीच्या चटणीबरोबर खायची, एवढा तिचा स्वयंपाक. चूल एकटीपुरती असली तरी ती नेटकी सारवलेली असे. जेवण झालं की हौसा दारात बसून बांबूच्या कामट्या विणायची, आणि त्यात तिला जेवणाहून जास्त गोडी होती. ती पळसाच्या फुलांत कामट्या रंगवी, हळदीत रंगवी, काजळीत काळ्या करी. विणता विणता दुरडीच्या पोटावर बगळ्यांची रांग उडायला लागे. एक बगळा जमला की ती स्वतःशीच हसायची.

त्या वर्षी देवीच्या उत्सवासाठी त्रिंबकराव देशमुखांनी तिला भात वाढायच्या दुरड्या सांगितल्या. देवळाचा सगळा कारभार देशमुखांच्या हातात होता. हौसाने उन्हाळाभर खपून दुरड्या विणल्या. प्रत्येकीवरचे बगळे निराळे होते.

उत्सवाच्या सकाळी ती डोक्यावर दुरड्यांची चवड घेऊन देवळाच्या आवारात आली. मोठ्या चुलवणावर भाताची कढई चढली होती. देशमुखांनी एक दुरडी हातात घेऊन फिरवून पाहिली.

"हौसे, मी दुरड्या सांगितल्या होत्या. ही लुगडी कुणासाठी आणलीस?"

भोवतालची माणसं हसली.

"घट्ट हायेत राव. हातात धरून बघा," हौसा म्हणाली.

"लोक पंगतीला बसून भात खातील का तुझे बगळे मोजतील? बुरडाने बुरडासारखं विणावं. देवीपुढे मिरवायला निघालीस?" आणि ते गड्याकडे वळले. "घाल चुलवणात. वाळका बांबू आहे, जाळ चांगला धरेल. वाढायला पाट्या काढा घरातून."

गड्याने चवडच्या चवड जाळात लोटली. हौसा पाहत उभी राहिली. आधी पळसाचा रंग काळा झाला, मग बगळे वाकडे झाले, मग काही उरलं नाही. ओवरीत महाराज बसले होते. तेही पाहत होते आणि काही बोलले नाहीत.

हौसा तिथून निघाली ती दात आवळूनच. डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी आलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटेत वाटलं.

आता त्या गावची एक रीत सांगायला हवी. उत्सवाला गावजेवण चूलबंद असे. आदल्या संध्याकाळीच घरोघर चुली विझवून सारवायच्या, दिवसभर कुणी पेटवायची नाही, आणि जेवण झाल्यावर देवळाच्या चुलवणातला विस्तव खापरात घेऊन घरी न्यायचा. मात्र हा देवळाचा विस्तव गावकुसाबाहेर देत नसत. म्हणून हौसा दरवर्षी आपले निखारे विझवत नसे, राखेत पुरून ठेवी. दिवसभर मात्र तीही चूल पेटवत नसे.

त्या दिवशी तिने पेटवली. राख उकरली, निखाऱ्यावर फुंकर मारली, वर काटक्या रचल्या आणि मडकं चढवलं. धूर सगळ्या गावाला दिसला तर दिसू दे, अशाच रागाने ती फुंकत होती.

कण्या रटरटायला लागल्या तेव्हा दारात महाराज उभे होते.

"हौसे, भूक लागली."

"गावजेवण हाये की. तिकडं जावा."

"तिथला भात कच्चा आहे." महाराज उंबऱ्यावर टेकले. "वाढ."

हौसाने पळी आपटली. "तुमी ओवरीत बसला व्हता. माज्या दुरड्या जळल्या तवा तोंडातनं शबुद काढला न्हाई. आता वाढ म्हनता?"

"मग तुझा राग कुणावर आहे?"

"देशमुखावर. आन तुमच्यावर बी."

"आणखी कुणावर?"

"देवीवर." ती थांबली. "तिच्यासाठी इनलं आन तिच्याच म्होरं जाळलं."

महाराजांनी मान हलवली. "खरं बोललीस. आता वाढ."

रागावलेली असली तरी दारी आलेल्याला उपाशी ठेवणं तिच्या हातून झालं नाही. तिने वाढलं. महाराज खात राहिले, आणि पाहता पाहता मडकं रिकामं झालं. एकटीपुरत्या कण्या त्या. हौसाला घासभरही उरल्या नाहीत.

तेवढ्यात पायवाटेवर काठीचा आवाज आला. धूर पाहून देशमुख स्वतः आले होते. मागे गडी होता.

"चूलबंद असताना चूल?" त्यांनी चुलीवर काठी उगारली. "तुझ्या या विटाळानेच तिकडे देवीचं चुलवण विझलं."

"त्रिंबका!" महाराज असे कडाडले की काठी वरच राहिली. "मार. गावात तेवढाच विस्तव उरलाय. तोही विझव."

देशमुखांना काही उमजेना. गड्याने खाली पाहत सांगितलं, "खरं हाये राव. दुरड्या जळाल्या तसा जाळ बसला तो बसलाच. चकमक झाडून हात दुखले, कापूस पेट घेत न्हाई. गावात समद्या चुली सारवलेल्या."

तिकडे देवळापुढे वाड्यावस्त्यांवरून आलेली म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया उन्हात बसल्या होत्या. कढईत अर्धा भात नुसता फुगून थंड झाला होता. देवीचा नैवेद्य अडला होता. देशमुखांची काठी हळूहळू खाली आली.

"जा रे, घे विस्तव," ते गड्याला म्हणाले.

"तो नाही," महाराज म्हणाले. "दुरड्या जाळात तू घालायला लावल्यास. तूच माग."

देशमुखांनी काठी गड्याकडे दिली. ते म्हणाले, "हौसे, विस्तव दे."

हौसाला दया आली असं कुणी समजू नये. खुंटीला तिची भाकरीची दुरडी होती. त्या उन्हाळ्यातली ती पहिली, काठाला वाकडी झालेली, म्हणून तिने घरीच ठेवलेली. एका भाकरीपुरती. तिने ती काढली, चुलीतले लालबुंद निखारे पळीने तिच्यात भरले आणि देशमुखांपुढे धरली.

"घ्या. वाळका बांबू जाळ चांगला धरतो, तुमीच म्हनला."

यांचे हात पोळावेत, एवढंच तिच्या मनात होतं.

देशमुखांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज म्हणाले, "घे. वाटेत टाकलास तर दुसरा नाही."

देशमुख दुरडी घेऊन चालू लागले. कधी पेटते ते बघायला हौसा मागोमाग निघाली. ओढा आला, दुरडी पेटली नाही. वेस आली, धूरही निघेना. निखाऱ्यांचा उजेड कामट्यांमधून बाहेर येत होता आणि पोटावरचे बगळे त्या उजेडात लाल होऊन उडत होते. हौसाने आपलं काम असं कधी पाहिलं नव्हतं. तो वाकडा काठ विणताना ती किती चिडली होती, आणि तोच काठ निखारे सांभाळत होता. आता तिला भीती वाटायला लागली. देशमुखांच्या हातांची नव्हे, दुरडीची.

"आई, हिला तरी जळू देऊ नगंस," ती पुटपुटली.

सकाळपासून तिने देवीला हाक मारली ती हीच.

देशमुखांनी दुरडी चुलवणात रिती केली. लाकडांनी भडकून पेट घेतला आणि कढईला कढ आला. त्यांनी दुरडी उलटी करून पाहिली, बोटं फिरवून पाहिली. राखेखाली कामटी जशीच्या तशी होती, पळसाचा रंगसुद्धा उडाला नव्हता. मागून महाराज आले होते. देशमुख त्यांच्या पायांवर वाकायला गेले, तर महाराजांनी पाय मागे घेतले.

"मी काय केलं? मी जेवलो फक्त."

मग देशमुखांनी ती दुरडी हौसाबाईपुढे ठेवली आणि जमिनीला डोकं टेकलं.

"हौसाबाई, चुकलो."

हौसाबाईचा राग अजून उतरला नव्हता. ती म्हणाली, "उठा देशमुख. भात बुडाला लागंल."

भात झाला. देशमुखांच्या घरच्या पाट्या आल्या होत्या, पण महाराजांनी त्या बाजूला ठेवायला लावल्या. दुरडी धुतली आणि देशमुखांच्या हातात दिली. एका भाकरीची दुरडी ती. पुन्हा पुन्हा भरायची, पुन्हा पुन्हा पानापुढे वाकायचं. गावकुसाबाहेरच्यांची, एरवी आवाराबाहेर बसणारी पंगत त्या वर्षी पहिल्यांदा आवारात बसली, आणि देशमुख वाकत वाकत तिथवर आले तेव्हा त्यांची पाठ सरळ होत नव्हती.

महाराजांच्या शेजारी हौसाबाई पान मांडून बसली होती. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. देशमुखांनी वाकून भात वाढला आणि ते थांबले.

हौसाबाईने हात आडवा केला नाही.

"आनिक वाढा," ती म्हणाली.

देशमुख पुन्हा वाकले.