परक्याने उतरवून घेतलेली नावे

समुद्रकाठच्या एका नगरीत एकदा एक परदेशी प्रवासी उतरला. चार महिने राहिला, लोकांत मिसळला आणि मायदेशीच्या मित्राला त्याने एक लांबलचक पत्र लिहिले. त्या पत्राची नक्कल, कशी कोण जाणे, नगरीत सर्वांच्या हाती पडली. इथले विणकर, मासळीचे कालवण आणि पाहुणचार यांची त्यात तोंडभर स्तुती होती. फक्त शेवटी दोन ओळी होत्या : ‘इथल्या तुरुंगात मी अशी माणसे पाहिली, की ज्यांची चौकशीच झालेली नाही. कोणी दोन वर्षे आत आहे, कोणी चार.’

तेवढ्या दोन ओळींनी नगरी पेटली.

नगरसभेत तेव्हा न्यायपक्षाची सत्ता होती. हा पक्ष जन्मला तोच मुळी तुरुंगाच्या दाराशी. आधीच्या राजवटीत विनाचौकशी डांबलेल्यांसाठी ज्यांनी उपोषणे केली, त्यांनीच तो काढला होता. एका वृद्ध आचार्यांचा शिष्य त्यांच्यात होता. आता तिशी ओलांडलेला, पाठशाळेत शिकवणारा. पक्षासाठी त्याने दहा वर्षे वहाणा झिजवल्या होत्या. पत्र वाचून त्याला वाटले, आपले नायक आता तुरुंगाच्या किल्ल्या मागवतील.

नायकांनी सभा बोलावली. ज्याच्या देशात गुलामांचा बाजार भरतो, तो आम्हाला काय शिकवणार, असे ते म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शिष्याने उभे राहून विचारले, की ते खरेही असेल, पण आपल्या तुरुंगाचे काय? तेव्हा ज्याच्याबरोबर त्याने एका ताटात भाकरी खाल्ली होती, तो सोबती शांतपणे म्हणाला, “तू कोणाच्या बाजूनं बोलतोयस, ते आधी सांग.”

शिष्य तिथून उठला तो थेट आचार्यांकडे आला. झाले ते त्याने सांगितले. आता लोककार्य पुरे, आपल्या पायाशी बसून ग्रंथ वाचीन, म्हणाला.

आचार्य अढीतले आंबे निवडत बसले होते. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि उत्तमांतले उत्तम वीस आंबे एका करंडीत रचले.

“हे त्या प्रवाशाला नेऊन दे. आमच्या नगरीकडून आभार, म्हणावं. आणि त्या कैद्यांची नावं विचारून ये.”

शिष्य चक्रावला. पण गुरूंचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. करंडी डोक्यावर घेऊन तो निघाला, तर बाजारात पक्षाची मिरवणूकच समोर आली. आंबे कोणासाठी, असे कोणीतरी विचारले, आणि त्याने खरे ते सांगितले. आधी हशा पिकला. मग कोणी फितूर म्हणाले. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या, पण करंडी त्याने उतरवली नाही.

प्रवासी दाराला अडसर लावून बसला होता. आंबे पाहून त्याचा डोळ्यांवर विश्वास बसेना. त्याने आपली वही काढली. बारा नावे होती, पण कानाला जशी लागली तशी उतरवलेली. ‘बिवो कुबार’ म्हणजे भिवा कुंभार, हे उमगायलाच बराच वेळ गेला. एकेक नाव मोठ्याने म्हणत, दुरुस्त करत, कोपरापर्यंत रस ओघळू देत दोघे बसले. कित्येक दिवसांत शिष्य असा हसला नव्हता.

परतल्यावर त्याने विचारले, “गुरुजी, त्याचे आभार कशासाठी?”

आचार्य म्हणाले, “शेजारीण सांगत आली, तुझं लेकरू तापलंय, तर आई काय करते? तुझ्या घरी कोण कोण आजारी आहे, असं तिला विचारत बसते का? आधी लेकराच्या कपाळाला हात लावते. शेजारीण कितीही भांडकुदळ असो. तुझ्या पक्षाला नगरीचा अभिमान आहे, तो खोटा नाही. पण हात कपाळापर्यंत गेला नाही, रे. तुझा गेला. तू पक्षाला मुकलास, नगरीला नाही. सकाळी न्यायाधीशांकडे जाऊ.”

शिष्य त्याच रात्री बाराही घरी निरोप देऊन आला. सकाळी बारा घरची माणसे त्यांच्यामागून चालू लागली. न्यायाधीश सावध गृहस्थ होते. ही त्या परक्याची तक्रार काय, असे त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारले. तशी भिवाची बायको पुढे झाली.

“नाही महाराज, तक्रार माझी आहे. त्यानं नुसती लिहून घेतली.”

न्यायाधीशांनी चौकशी लावली. ती आठ दिवस चालली. दोघांचा गुन्हा शाबीत झाला आणि दहा जण सुटले. भिवाचा अपराध एवढाच, की मारामारी चालली असता तो त्या गल्लीतून मडकी घेऊन चालला होता. सुनावणी आम्ही आधीच ठरवली होती, असे पक्षाने जाहीर केले. त्याकडे लक्ष द्यायला त्या दिवशी कोणाला सवड नव्हती.

तुरुंगाच्या दाराशी जत्रा लोटली होती. कोणी गूळ वाटत होते, कोणी रडत होते. भिवाची मुलगी चार वर्षांची, बाप आत गेला तेव्हा पाळण्यात होती. ती आईच्या पदराआड लपली. भिवा तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने तिचे नाव विचारले.

“आधी तुमचं सांगा,” ती म्हणाली.

सारी गर्दी खळखळून हसली. शिष्यही डोळे पुसत हसत होता. आज सकाळपासून आपल्याला पक्षाची आठवणसुद्धा झाली नाही, हे तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले.