निळीचा दुसरा रांजण

लहानांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही तर जरा जास्तच कान देऊन ऐका.

खूप खूप वर्षांपूर्वी, राजाची माणसं पागोट्याच्या रंगावरून ओळखली जात त्या काळी, नदीकाठच्या एका गावात एक रंगारीण राहत होती. वयाने कोवळी, हात मात्र कोपरापर्यंत निळे. तिची आई गेली तेव्हा मागे एकच चीज उरली होती: जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला निळीचा रांजण.

निळीचा रांजण जिवंत असतो. त्याला गूळ लागतो, चुना लागतो, टाकळ्याचं शिजवलेलं बी लागतं, थंडीत भोवती उबदार राख लागते. कापडं बुडवून बुडवून दमला की विसावाही लागतो. जिवंत रांजणातलं पाणी निळं नसतंच. ते पिवळट हिरवं असतं आणि वर तांबूस साय धरतं. कापडही हिरवंच बाहेर येतं. वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं. मग ते कापड फाटेल, पण रंग सोडणार नाही.

मुलगी रोज सकाळी रांजणात बोट बुडवायची, वास घ्यायची आणि विचारायची, "आई, उठलीस का?"

तिच्या कापडाचं नाव दूरवर गेलं. मागणी वाढली. मुलीलाही वाढायचंच होतं, हे लक्षात ठेवा. तिने शेजारी दुसरा रांजण पुरला, पहिल्याच्या तळाचं थोडं पाणी त्यात ओतलं आणि वाट पाहत बसली. आईने सांगून ठेवलं होतं, "पोरी, दुसऱ्याला उठायला वेळ दे. त्याने एक हिवाळा स्वतःच्या बळावर काढला, की मग तिसऱ्याचा खड्डा खण."

दुसऱ्या रांजणात काठाशी हिरवी झाक दिसू लागली होती. तेवढ्यात राजाचा कारभारी गावात आला. त्याने ते निळं कापड उन्हात धरलं, चोळून पाहिलं आणि म्हणाला, "साऱ्या फौजेची पागोटी याच रंगात हवीत. दसऱ्याच्या आत होतील का?"

प्रश्न रंगाचा होता. उत्तर द्यायला चावडीवर म्हातारे जमले.

"होतील का म्हणजे? झालीच समजा!" मुलीचा काका म्हणाला.

"नाही होणार, काका," मुलगी म्हणाली. "दुसरा रांजण अजून उठतोय. घाई केली तर दोन्ही जातील. कारभारीसाहेबांना म्हणावं, यंदा सरदारांपुरती पागोटी न्या, फौजेची पुढच्या वर्षी देऊ."

"अगदी आईवर गेलीय," काका हसला. "तीही जन्मभर एका रांजणाशी फुगडी खेळत बसली."

चावडी खदखदली. सगळ्यांत म्हातारा होता तो म्हणाला, "पोरी, आम्ही काय कमी पावसाळे पाहिलेत?"

"पावसाळे पुष्कळ पाहिलेत, आजोबा. रांजणात हात कधी घातलात?"

हसू थांबलं. काकाचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "गप्प बस! मोठ्यांत बोलू नये. जा, डोंगरावरून टाकळ्याचं बी घेऊन ये. पुष्कळ लागेल."

बी मागितलं म्हणजे निदान रांजणाला खाऊ घालायचं काकाच्या मनात आहे, असं वाटून ती गेली.

परत आली तर अंगणभर रांजणांची रांग. काकाने आईचा रांजण तळापर्यंत उपसला होता. दुसरा, अर्धवट उठलेला, तोही उपसला होता. सगळं पाणी नव्या रांजणांत वाटून, वर नदीचं गार पाणी ओतून, गडी काठ्यांनी ते घुसळत होते.

"बघ!" काका ओरडला. "सगळे कसे निळेशार झाले! म्हणे उठायला वेळ लागतो!"

मुलीने एका रांजणात पाहिलं. मग दुसऱ्यात. मग पुढच्यात. बियांचं गाठोडं हातातून सुटलं.

"काका," ती म्हणाली, "निळा दिसतो तो रांजण मेलेला असतो."

तिने काय नाही केलं! गूळ घातला. राख पेटती ठेवली. आईच्या रांजणाला गोधडी गुंडाळून ती त्याला टेकून बसली. सायीचा एक ठिपकासुद्धा धरला नाही.

म्हाताऱ्यांना त्याचं काय? कापड बुडवलं की लगेच निळं निघत होतं. "ते हिरवं व्हा, मग वारा खा, सगळा खोळंबा मिटला," असं म्हणत त्यांनी पागोटी बांधून पाठवून दिली.

दसऱ्याला फौज निघाली. वाटेतल्या नदीत सैनिक छातीभर पाण्यात उतरले, आणि पागोट्यांचा रंग कपाळावरून, गालांवरून, दाढ्यांतून ओघळू लागला. पलीकडच्या काठावर उभे असलेले शत्रू पोट धरून हसले.

राजाने शिक्षा केली नाही. त्या गावचं कापड घेणं तेवढं बंद केलं. राजा घेईना म्हणून व्यापारी घेईनात. माग थांबले. विणकरांनी घरं सोडली.

एका सकाळी काका रांजणापाशी येऊन उभा राहिला. "तू तेव्हाच नीट सांगितलं असतंस, तर..."

"सांगितलं होतं, काका. तुम्ही 'गप्प बस' म्हणालात, ते त्यालाच."

काका आल्या पावली परत फिरला.

मुलगी मात्र रोज बोट बुडवत राहिली. "आई, उठलीस का?" पाणी गार, स्वच्छ, निळं. पुढे एक दिवस तिने विचारलं नाही. तिने ओंजळीओंजळीने माती घालून रांजण बुजवला.

तिचे हात हळूहळू उजळत गेले. लोक म्हणायचे, केवढे गोरे हात! शेवटचा निळा रंग नखांच्या कडेला राहिला होता. तो गेला त्या दिवशी ती आईसाठी दुसऱ्यांदा रडली.

तात्पर्य: दुसरं आपल्या बळावर उभं राहिल्याशिवाय तिसरं मांडू नये, आणि ते उभं राहिलं का, हे वय मोठं असलेल्याला नव्हे, हात बुडवलेल्याला विचारावं.